खंडेरावच्या ओठातला गळ

मी एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे चिंचणीत कुणालाही विचारा. त्यामुळे गेल्या महिन्यातलं सगळं ठरल्याप्रमाणेच झालं असं मी सांगत असते. ते तितकंसं खरं नाही.

आमचा कुत्रा खंडेराव दांडीच्या किनाऱ्यावर उंडारून आला, तो मासे धरायचा गळ ओठात रुतवूनच. माझ्या नवऱ्याने, विश्रामने, पकडीने ओढून पाहिलं. गळ आणखी रुतला. खंडेराव दोन दिवस जेवला नाही.

"कुत्र्याला कोण डॉक्टर हाय इथं?" विश्राम म्हणाला. "गळंल आपोआप."

"तो गळेपर्यंत कुत्रा राहायला हवा ना," मी म्हटलं आणि मेहुलच्या रिक्षाला फोन केला.

मेहुलने एकच अट घातली. "मावशी, वरून चादर टाका. कुत्रा बसवला कळलं तर माझ्या सीटवर कोण बसणार नाय."

चादर टाकली आणि बोईसर गाठलं. तिथे कुत्र्यांचे एक डॉक्टर होते, ते मुंबईला निघून गेलेले. उरला गुरांचा सरकारी दवाखाना. तिथे चंद्रभान नावाचे शिपाई रजिस्टर घेऊन बसले होते.

"डॉक्टर मॅडम लसीकरणाला गेल्या. आणि इथं कुत्रं बघत नाहीत, बाई. हे बघा रकाने. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी."

"कोंबडीला रकाना आहे?"

"आहे ना."

"मग कोंबडी लिहा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मी खंडेरावला चादरीसकट मांडीवर घेतलं आणि दाराच्या पायरीवर बसले. "मॅडम येईपर्यंत उठणार नाही," मी सांगितलं.

दुपारी कारखान्यांची पाळी सुटली. पायरीवर बाई, मांडीवर चादरीतलं कण्हणारं काहीतरी, हे पाहून कामगार थांबायला लागले. त्यातल्या एकाने, मनीष त्याचं नाव, विचारलं, "क्या हुआ, चाची?"

"खंडेराव दोन दिन से भूखा है। मुँह में काँटा घुसा है, और ये लोग देखते नहीं।"

मुलगा हा शब्द मी उच्चारला नाही, शपथेवर सांगते. पण पाच मिनिटांत चाळीस माणसं जमली, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करू लागलं, आणि चंद्रभान घाबरून फोनवर सांगताना मला ऐकू आलं, "मॅडम, एक बाई आजारी पोराला घेऊन आपल्या दारात बसलीय. लोक चिडलेत."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी चादर नीट केली.

डॉक्टर रूपल स्कूटरवरून आल्या त्या हेल्मेट न काढताच धावत. "ॲम्ब्युलन्स बोलावली का?" म्हणत त्यांनी चादर उचलली.

खंडेरावने शेपटी हलवली.

आता मला चोप बसणार असं वाटून मेहुलने रिक्षा चालू केली. मग मनीष हळूच म्हणाला, "कुत्ता है तो क्या हुआ. भूखा तो है ना."

चाळीस जणांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हेल्मेट काढलं. "माझं शिक्षण कुत्र्यांचंही झालंय हो. पण इथे धरायला माणूस नाही. चावला तर?"

"मी धरते," मी म्हटलं.

ओठ बधिर करून त्यांनी गळ मागे न ओढता पुढे ढकलला, टोकाची आकडी कापली आणि उरलेली तार अलगद काढून घेतली. खंडेराव तिथेच मनीषच्या डब्यातली चपाती खाऊ लागला, तेव्हा मला रडू आलं. पण लोकांसमोर कशाला, म्हणून मी चंद्रभानांशी भांडायला घेतलं.

"आता रकाना आखा."

"बाई, वरून आदेश लागतो."

"आखा हो," डॉक्टर म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी कुत्रे बघू. पण धरायला या बाई येणार असतील तरच."

चाळीस माणसांसमोर नाही कशी म्हणणार?

पहिल्या गुरुवारी अकरा कुत्रे आले. दहा जणांनी मला चावायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अकरावा जखम दाखवायला आलेला आमचा खंडेराव. त्याला जमलं.

हाताला पट्टी आहे, इंजेक्शनं चालू आहेत. विश्राम हसतो. हसू दे. गुरुवारी मी जातेच, फक्त खंडेरावला आता तो धरतो.