रामटेके काकांची बोट कुठे बांधायची?

रामटेके काका कुजबुजले की आमच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात.

हे मी वाढवून सांगत नाही. एकदा ते माझ्या आईच्या कानाशी लागून म्हणाले, पोरीसाठी एक चांगलं स्थळ आहे, पण सध्या कोणाला सांगू नको. संध्याकाळपर्यंत तीन बायका मुलाचा पगार विचारून गेल्या. त्यातली एक तर मागच्या गल्लीतली होती.

काकांना ऐकू येत नाही, म्हणून ते असे बोलतात. चौतीस वर्षं पॉवर हाऊसमध्ये फिटर होते, सगळी नोकरी टर्बाइनजवळ. कानात घालायचे बोळे मिळायचे, ते यांनी चौतीस वर्षं खिशात ठेवले. बोळे घातले तर मशीनला कुठे दुखते ते कसं कळेल, असं त्यांचं म्हणणं. मुलानं पुण्याहून कानाचं यंत्रही आणून दिलं. ते लावल्यावर पंखा, कुकर आणि कावळा एकाच आवाजात ऐकू यायला लागले, तेव्हा काकांनी ते डबीत घालून कपाटात ठेवलं.

खापरखेड्याच्या वस्तीत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे. वडील कंत्राटी मजूर होते, मी बी.कॉम. झाले आणि आता नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिलं करते. दोन्ही घरांत मिळून पदवी माझ्या एकटीकडे, त्यामुळे काका मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणतात. दुसरी असती तर लाजली असती. मला ते आवडते. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, “काहून वं ग्रॅज्युएट, रीडिंग काय म्हणते?” मी ओरडून सांगितलं, एकोणसत्तर टक्के. “नॉर्मल हाय,” काका म्हणाले आणि पेढे घेऊन आले. नॉर्मलच्या वरचं कौतुक त्यांच्याकडे नाही. भाजी नॉर्मल, जावई नॉर्मल, ताजमहालसुद्धा पाहून आले तो नॉर्मल.

तर हे काका गेल्या दिवाळीनंतर एका बंद पडलेल्या पिकनिकच्या जागेचा लिलाव होता तिथे पाण्याचा पंप घ्यायला गेले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोट घालून आले. निळी, फायबरची, चार माणसं बसतील अशी. दोन वल्ही. आमच्या अख्ख्या वस्तीत कोणाकडे बोट नव्हती, कारण कोणाला तिचं काही काम नव्हतं. सुमनकाकू दारात आल्या. हे कोणाचं, असं त्यांनी हातानंच विचारलं. काका म्हणाले, “आपलं.” काकू आत गेल्या. दोन दिवस वाट पाहून त्यांनी बोटीत धुतलेलं लुगडं अंथरलं आणि त्यावर मुंगवड्या वाळत घातल्या.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी म्हशी असलेले शामराव आले. त्यांनी वितीनं बोट मोजली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले की चार म्हशी एकदम खातील, मला गव्हाणीसाठी द्या. बोटीनं अर्धी गल्ली अडवली होती, लोकांच्या गाड्या निघेनात. तेव्हा काकू बोलल्या. एरवी त्या काकांशी दिवसातून चार शब्द बोलत, जेवा, गोळी घ्या, असे. त्या दिवशी पदर खोचून पूर्ण वाक्य ओरडल्या: “बुद्धपौर्णिमेपर्यंत जागा पाहा, नाई तं शामरावले देऊन टाका!” पूर्ण वाक्य आलं म्हणजे तो कायदा. आणि ओरडून आलं म्हणजे तो अख्ख्या गल्लीला कळला. त्या दिवसापासून लोक काकांना नमस्काराऐवजी उरलेले महिने सांगू लागले.

काकांनी एक जुनं लॉगबुक काढलं आणि मला म्हणाले की अर्ज तू लिहायचे, रीडिंग मी घेतो. नागपूरकराला पहिली बोट बांधायची असेल तर काय काय पाहावं लागते, हे त्या सहा महिन्यांत मी शिकले. कोणत्याही कॉलेजात ते शिकवत नाहीत.

पहिली जागा शहरातल्या एका तलावावर. तिथल्या साहेबांनी गॉगल न काढता महिन्याचं भाडं सांगितलं. काका माझ्याकडे वळून कुजबुजले की एवढ्यात तर मी पाण्यात राहायला क्वार्टर घेईन. तिकिटाच्या रांगेतले लोक हसले, साहेब हसले नाहीत. तरी काकांनी शेवटचा प्रश्न विचारलाच, “मधात किती आवाज येते?” साहेबांना कळेना. मी समजावून सांगितलं की तलावाच्या मध्यभागी आवाज किती येतो असं ते विचारताहेत. खांबावर कर्णा होता, त्यावर गाणी चालली होती. साहेब म्हणाले, मध्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतं, काळजी नको. मी ते लिहून दाखवलं, काकांनी लॉगबुक मिटलं. ज्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तो शांत जागा शोधतो आहे, ही गोष्ट मी गोदामात सांगितली तेव्हा ड्रायव्हर लोक चहा सांडेपर्यंत हसले. मीही हसले.

दुसरी जागा एका धरणाच्या काठाला. काठावर राहणाऱ्या लक्ष्मण नावाच्या माणसानं बाभळीखालची जागा वर्षाच्या बोलीवर दिली, अगदी थोड्या पैशांत. माणूस नाही, कर्णा नाही. काकांनी लोखंडी खुंटा ठोकला, बोट बांधली, एका लांब लाकडी बल्लीवर फुटाच्या पांढऱ्या खुणा रंगवून ती पाण्यात रोवली. डिसेंबरभर दर रविवारी रीडिंग. चार, चार, साडेतीन. नॉर्मल. मग सुनेचं बाळंतपण आलं आणि काका-काकू दीड महिना पुण्याला गेले.

परत आल्यावर आम्ही गेलो तर बोट टरबुजाच्या वाडीत उभी होती.

पाणी खाली, लांब चमकत होतं. चहूकडे वेल, वेलांना हिरवे गोळे, आणि बोटीत छत्री उघडून एक बुवा राखणीला बसलेला. रब्बीसाठी कालव्यात पाणी सोडलं, पाणी उतरलं तशी उघडी पडलेली गाळाची जमीन त्यानं दरवर्षीप्रमाणे रीतसर करारानं घेतली आणि टरबूज लावलं. यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक काकांची होती, आणि ती फक्त पॉवर हाऊसचाच माणूस करू शकतो. बॉयलरमधलं पाणी बोटभर उतरलं तर घंटा वाजते आणि दहा माणसं धावतात. धरणाचं पाणी जागेवर ठेवण्याची ड्यूटी कोणाचीच नसते, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते बल्लीकडे पाहत राहिले. बल्लीच्या बुडाला एक टरबूज टेकलं होतं.

“अलार्म काहून नाई वाजला?” काका म्हणाले.

बुवा भला होता. म्हणाला, बोट न्या गा, फक्त वेलावर पाय देऊ नका. मग आठ माणसांनी बोट डोक्यावर घेतली आणि एकेक पाऊल टाकत, पंचवीस मिनिटांत, वाडीबाहेर काढली. मी पुढे चालत पाय कुठे ठेवायचा ते सांगत होते. बुवानं निरोपाला दोन कोवळी टरबुजं दिली. बोट पुन्हा गल्लीत आली. काकूंनी तिच्यात लाल मिरच्या पसरल्या आणि शामराव पुन्हा वितीनं मोजून गेले, जणू मधल्या काळात ती वाढली असेल.

तिसरी जागा मी शोधली, हे नोंदवून ठेवते. गोदामात एक ड्रायव्हर आहे, त्याचं गाव रामटेकच्या पलीकडे. गावाला मालगुजारी काळातला, जुन्या जमीनदारांनी बांधलेला तलाव आहे आणि मासेमारी ढिवरांच्या सोसायटीकडे. मी फुलस्केपवर अर्ज केला, ‘विषय : बोट बांधण्यास जागा मिळणेबाबत’. सोसायटीच्या अध्यक्ष गिरजाबाई. साठीच्या, काटक, हातात अर्धं विणलेलं जाळं. त्यांनी अर्ज मलाच वाचायला लावला, शेवटच्या ‘आपली विश्वासू’पर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, “लय बेस लिवलं वं बाई. पण पाणीच राहात नाई तं बोट कायले बांधता?”

दुखणं असं होतं. पाळीत, म्हणजे तलावाच्या बांधात, पाणी सोडायचं लोखंडी दार आहे. दोन वर्षांपासून ते पूर्ण बसत नव्हतं. पाणी रात्रंदिवस झिरपून जायचं, एप्रिलमध्ये डबकं उरायचं, आणि सोसायटीला बोटाएवढी कोवळी मासळीच काढून विकावी लागायची. फेब्रुवारी संपत आला होता. गावातल्या लोहारानं, मग दोन मेकॅनिकांनी दाराचा स्क्रू फिरवून पाहिला, तो हलला नाही. आता कोणी येत नव्हतं.

काकांनी बाईंचं सगळं बोलणं माझ्याकडून कागदावर लिहवून घेतलं, वाचलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. एक लांब सळई मागितली. सळईचं एक टोक पाण्यात दाराला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. पाळीवर तीस-चाळीस लोक जमले होते. कोणीतरी म्हणालं, म्हातारा लोखंड खाऊन राहिला. काका सळई बोटभर सरकवत, पुन्हा दातांत धरत. कानानं गेलेला माणूस दातांनी ऐकत होता. टर्बाइनचं बेअरिंग ते असंच ऐकायचे, हे मला नंतर कळलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

“डावीकडे, खाली. गोटा अडकला हाय. स्क्रूले काही झालं नाई.”

बाकीच्यांनी दार खाली दाबून दाबून तो गोटा घट्ट बसवला होता. काकांनी उलट केलं. स्क्रूला रॉकेल पाजलं, चावीला लांब पाइप लावला आणि सहा माणसांना सांगितलं की आधी दार वर घ्यायचं. लोक बिचकले, आहे तेवढंही पाणी जाईल. गिरजाबाई काकांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, घ्या वर. पाणी धडाडून सुटलं, काका बुडी मारून खाली गेले. वर आले तेव्हा पोटाशी नारळाएवढा दगड होता. दार खाली आलं आणि बसलं. पलीकडच्या नालीतली धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. सगळे एवढे गप्प झाले की मला वाटलं, आपल्यालाही ऐकू येणं बंद झालं. मग पाळीवर जो गलका उठला, तो मात्र काकांनासुद्धा ऐकू आला. ते म्हणाले, “नॉर्मल.”

गिरजाबाईंनी अट घातली. बुद्धपौर्णिमेला पाणी टिकलं असलं तर पाळीखालचा खुंटा काकांचा, पैसा लागणार नाही, फक्त इंजिन लावायचं नाही आणि मासळी अंड्यावर असेल तेव्हा बोट काढायची नाही. पाणी नसलं तर राम राम. म्हणजे इकडची मुदत आणि तिकडची मुदत एकाच दिवसावर आली. उन्हाळा तापला. दर रविवारी माझ्या स्कूटीवर आम्ही दोघं, काकांच्या खांद्यावर लॉगबुकची थैली. नऊ फूट. साडेआठ. आठ. सात. मे महिन्यात गल्लीतले लोक मला बसस्टॉपवर थांबवून रीडिंग विचारायला लागले. शामरावही विचारायचे. आकडा खाली गेला की त्यांचा चेहरा पडायचा, हे पाहून मला आश्चर्य वाटलं.

पौर्णिमेच्या सकाळी रीडिंग सहा फूट होतं. बोटीला दोन पुरतात.

बोट नेण्यासाठी ट्रॅक्टर शामरावांनीच चालवला. अर्धी गल्ली ट्रॉलीत, उरलेली गाड्यांवर. विहारातून वंदना करून आलेल्या काकू पांढऱ्या साडीत पुढे बसल्या होत्या, मांडीवर खिरीचं पातेलं. बोट पाण्यात उतरली आणि तरंगली तेव्हा लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू आजवर कोणी बोट तरंगताना पाहिली नव्हती. काकांनी दोरी खुंट्याला बांधली. मी लॉगबुकात नोंद केली आणि खाली माझी पूर्ण सही केली, बी.कॉम.सकट.

खीर वाटून झाली. काकांनी बोट सोडली आणि काकूंपुढे हात धरला. काकूंनी मान हलवली, त्यांना पाण्याची भीती वाटते. लोक आग्रह करायला लागले. काका गिरजाबाईंकडे वळले आणि त्यांच्या पद्धतीनं कुजबुजले.

“बाई, मले आइकू येत नाई. हिले माह्याशी बोलाचं म्हणजे ओरडा लागते. ओरडली का गल्ली आइकते. मंग ही बोलतच नाई. बारा वर्सं झाले, जेवा अन् गोळी घ्या, एवढंच. बाकीचं सारं पोटात ठेवते. मधात तं कोणी नाई ना?”

गिरजाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

पाळीवर सगळ्यांनी ते ऐकलं होतं. कोणी हसलं नाही. गोदामात ही गोष्ट सांगून हसवलेलं मला आठवलं आणि मी लॉगबुकात तोंड घातलं.  काकू साडी सावरून, कोणाचा हात न धरता, बोटीत चढल्या.

काकांनी वल्ही मारली. बोट मध्यावर जाऊन थांबली.  मग काकूंचा आवाज आला, मोठा, खणखणीत. पाण्यावरून पहिले शब्द स्पष्ट आले, “तुमच्या आईनं त्या दिवशी मले...” आणि गिरजाबाई उठल्या. म्हणाल्या, चला गा, तोंडं तिकडं करा, आपल्याले काय आइकाचं हाय.

आम्ही सगळे, गल्लीचे आणि गावचे, तलावाकडे पाठ करून पाळीच्या पलीकडच्या उतारावर बसलो. शामरावांनी ट्रॅक्टर सुरू करून नुसताच घरघरत ठेवला. तरी मधून मधून काकूंचा आवाज येत होता, एकदा रडल्यासारखा, एकदा भांडल्यासारखा. मग दोघांचं हसणं आलं. ढिवरांची जाळी काढायची वेळ टळून गेली, पण पाण्याकडे कोणी गेलं नाही. त्या दिवशी मासळी बाजारात उशिरा पोचली.