खंडेनवमीचे दोन बोल्ट

"गाडीच्या भरवशावर राहू नकोस गं. सोनिवलीच्या कौसाबाईला सांगून ठेवते," असं माई श्रावणातच म्हणाल्या होत्या. पद्मजा सासूबाईंच्या तोंडावर हसली होती. "माई, एकोणीसशे पंचावन्न साल आहे हे! कल्याणच्या प्रसूतिगृहात नाव घातलंय, दारात मोटार आहे. आता सुईण कशाला?"

दारातली मोटार म्हणजे युद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेली गाडी. अंबरनाथहून कल्याणपर्यंत टांग्याचे हादरे बायकोला बसू नयेत, म्हणून श्रीपादने ती मुद्दाम घेतली होती. कारखान्यातून आला की तो आधी गाडीपाशी जाई, मग पद्मजापाशी. दोघींची चौकशी सारखीच असे, "आज काही त्रास नाही ना?"

खंडेनवमीला त्याने सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढे मांडली. माईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. एक पाना मात्र त्याने मागे ठेवला. गाडीचीही पूजा व्हायची होती, आणि देवासमोर सैल बोल्ट बरा दिसत नाही! इंजिनाला जो पाण्याचा पंप बसवलेला असतो, त्याचा घट्ट असलेला बोल्ट त्याने भक्तिभावाने आणखी एकदा आवळला.

कट्ट!

बोल्टाचं डोकं पान्यात आणि धड इंजिनात. पंप गळू लागला.

"त्यात काय एवढं?" शेजारचे विष्णुपंत बनियनवरच धावत आले. "पंप काढून घ्या, म्हणजे बुंधा हाताशी येईल. हा दुसरा बोल्ट सोडवा पाहू."

दुसराही तुटला.

"चला, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या," विष्णुपंत म्हणाले.

पक्कड हवी होती, पण ती पूजेत. "दसरा उजाडेपर्यंत पूजेतलं हत्यार उचलायचं नाही," माईंनी बजावलं. आळीतल्या प्रत्येक घरी तीच कथा. सायकलवाल्याने तर हवेच्या पंपालाही हार घातला होता. श्रीपादने स्वयंपाकघरातली सांडशी नेली. ती वाकली.

खिडकीत उभ्या असलेल्या पद्मजाच्या कमरेत तेव्हा पहिली कळ आली.

"अहो, जरा आत येता?"

"आलोच! तुझ्यासाठीच तर चाललंय हे!"

ते खरंच होतं, म्हणून तिला रागावताही येईना. माईंनी मात्र तिचा चेहरा पाहिला, देवाला हात जोडले आणि पक्कड उचलून बाहेर दिली. "घे बाबा. देव समजून घेईल." पण बुंधे इतके आत होते की पकडीला धरायला काही उरलंच नव्हतं. शेवटी विष्णुपंत सायकलवर टांग टाकून उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये हेमनदास या सिंधी मिस्त्रीला आणायला गेले. तेवढ्यात कौसाबाई दसऱ्याला विकायच्या झेंडूची टोपली घेऊन दारात आली. माईंनी टोपली उतरवून घेतली आणि तिला थेट माजघरात नेलं.

हेमनदासच्या पिशवीलाही झेंडू बांधला होता. त्याने तो काढून कानावर खोचला आणि इंजिनात डोकावला.

"साईं, ताकद लावली काय?"

"लावली," श्रीपाद म्हणाला.

"अब मत लगाओ."

त्याने रॉकेलचा फरफरता दिवा पेटवून तुटल्या बोल्टाभोवती शेक दिला. मग साधी मेणबत्ती त्या तापल्या बुंध्याला टेकवली. मेण वितळलं, क्षणभर चमकलं आणि आट्यांमध्ये दिसेनासं झालं.

"प्यायला! मेण प्यायला!" विष्णुपंत ओरडले. भोवतालचे टाचा उंचावून बघू लागले. खिडकीतली पद्मजा दोन कळांच्या मधे श्वास रोखून तेच बघत होती. हेमनदासने बुंध्याला बारीक भोक पाडलं, त्यात एक निमुळती चौकोनी सळई ठोकली आणि ती उलटी फिरवली, अगदी हलक्या हाताने. लोखंड कण्हलं. मग जन्मभर तिथे बसायची शपथ घेतलेला तो तुकडा गोल गोल फिरत बाहेर आला. सगळी आळी पुढे सरकली. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

दुसराही निघाला. नवे बोल्ट बसले, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. आता ते बंद पडू नये म्हणून श्रीपाद चालकाच्या जागेवरून हलेना. "बसा, बसा लवकर!" हेमनदास आणि विष्णुपंत पुढेच चढले. मागच्या बाकावर माईंनी मघाशीच ठेवलेली वळकटी होती, वर शाल. कुणीतरी दार आपटलं. गाडी निघाली.

खिडकीतून पद्मजाने आपली गादी प्रसूतीला जाताना पाहिली.

"माई, ते गेले!"

"जाऊ दे. तू इकडे ये."

"बाय, आता गारी नको नि घोरा नको," कौसाबाई पदर खोचत म्हणाली. "निजून रहा."

तिकडे तिघेही कल्याणपर्यंत कान देऊन फक्त इंजिन ऐकत होते. प्रसूतिगृहाच्या पायरीशी नर्सने अलगद शाल उचलली. "पेशंट कुठंय?"

श्रीपादने वळकटी उचलून खालीही पाहिलं. हेमनदासने कानावरचा झेंडू काढला. "साईं, दोनों बोल्ट निकल गए, भाभी रह गई."

घाबरीघुबरी होऊन ती मंडळी परतली तेव्हा मुलगी पद्मजाच्या कुशीत होती. श्रीपाद उंबऱ्यातच थांबला. "बरी आहेस ना गं?" दाखवायला आणलेले दोन्ही तुकडे अजून त्याच्या मुठीत होते. पद्मजा बाळाची बोटं उलगडून बघत होती. नखं तांदळाच्या कणीएवढी, मनगटावर सुरकुती. इतकी बारीक कारागिरी, आणि कुठे सांधा दिसत नाही.

"अहो, बघा," ती हळूच म्हणाली, "एकही बोल्ट नाही."

माई हळदकुंकू घेऊन आल्या. "कौसाबाई, तुझं नाळ कापायचं हत्यार दे. देवापुढे ठेवते."

"नको बाय. पूजेत बसलं न् सांजच्याला कुनी हाक मारली तर?"

तेव्हा माईंनी तिच्या दोन्ही हातांना कुंकू लावलं.

म्हणून सांगते, वाचकहो, तुमच्या आळीत कुठे बॉनेट उघडं दिसलं आणि भोवती सगळी आळी टाचा उंचावून उभी दिसली, तर तुम्ही तिथे थांबू नका. त्या घराची खिडकी बघा. तिथे कुणी गजाला धरून उभी असेल, तर आधी आत जा आणि बरी आहे का, तेवढं तिला विचारून या.