एक अंश मागे

वसंतनाना फिजिओथेरपीला पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या एका बगलेत कुबडी होती आणि दुसऱ्या बगलेत शाळेच्या फळ्यावर वापरतात तो भलामोठा लाकडी कोनमापक.

केतकी मॅडमनी त्यांना खाटेवर झोपवलं, आपलं छोटं प्लॅस्टिकचं माप गुडघ्याला लावलं आणि सांगितलं, साधारण साठ अंश वाकतोय. नाना कोपरांवर उठून बसले. साधारण म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, एखाद-दोन अंश इकडेतिकडे. नानांनी कोनमापक पुढे केला.

"मॅडम, अंदाज सांगू नका. आकडा सांगा."

आकडा अठ्ठावन्न निघाला. तो दोनदा तपासून झाल्यावरच नाना आडवे झाले.

हे सगळं मी शेजारच्या खाटेवरून पाहत होतो. बेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या क्रिकेट सामन्यात मी एक धाव चोरायला गेलो होतो. धाव मिळाली नाही आणि लिगामेंट गेलं. धुळ्यातच ऑपरेशन झालं आणि मग रोज सकाळी देवपुरातल्या या हॉलमध्ये हजेरी लागली. टाचेखाली पावडर टाकायची, पायाला चादरीचा फास घालायचा आणि टाच स्वतःच्या हाताने मांडीकडे ओढायची. त्या वेळी तोंडातून जे शब्द निघतात ते घरी सांगण्यासारखे नसतात.

नाना जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात. निवृत्तीला दोन महिने उरले असताना दोन सख्ख्या भावांच्या भांडणातला बांध मोजायला गेले आणि नाला ओलांडताना पाय गुडघ्यात मुरगळून पडले. बारा वर्षं एकमेकांशी न बोललेल्या त्या भावांनी नानांना एका खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. "एवढ्या वर्षांत त्यांचं एकमत पहिल्यांदा झालं, तेही माझ्या वजनावर," नाना सांगायचे. "एक म्हणे नव्वद किलो, दुसरा म्हणे नव्वदच."

मोजण्याची खोड मात्र निवृत्त झाली नाही. आठवड्याभरात नानांनी हॉल मोजला आणि मालकाने सांगितलाय त्यापेक्षा तो दीड फुटाने कमी आहे, हे मॅडमना कागदावर आखून दिलं. बाहेरचा उतार किती तिरका आहे तेही दिलं. आम्हा पेशंटांना ते नमस्कार करत नसत. लांबूनच विचारत, "किती?" एकदा भाजीबाजारात मी वांग्यांच्या पाटीसमोर उभा होतो. पलीकडून नाना ओरडले, "भाऊ, किती?" मी सवयीने ओरडलो, "ब्याऐंशी!" माझ्या शेजारच्या बाईंनी हातातली भरताची वांगी खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या. वांगेवाला त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही.

आमच्यातली तिसरी नसरीन. कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळायची. चढाई करताना चौघींनी तिला धरलं आणि गुडघा फिरला. तिचे वडील अन्वरभाई वेल्डिंगच्या दुकानात जाण्याआधी तिला मोटारसायकलवरून सोडून जात. पोर धीट, पण गुडघ्याच्या बाबतीत घाबरलेली. मॅडमचा हात लागण्याआधीच ती पाय आखडून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात नाना नव्वदवर पोचले आणि नसरीन सत्तरवर अडून बसली. दहा दिवस तिथून हलेना.

आणि मग अचानक नानांचा गुडघा आखडला.

एका सकाळी मॅडमनी मोजलं तर एकोणसत्तर. नाना खाट धरून असे कण्हत होते की बाहेरच्या चहावाल्याने आत डोकावून पाहिलं. थंडीने धरला असेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणसत्तर. नसरीनने पहिल्यांदाच मान वळवून दुसऱ्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात ती बाहत्तरवर गेली. नाना एकाहत्तरवर. ती ऐंशीवर, नाना एकोणऐंशीवर. नाना चिडचिड करायचे. "ही पोर माझ्या पुढे जाऊन राहिली. मॅडम, तुमचं माप हिच्या बाजूने शे." नसरीनला मजा यायला लागली. आल्या आल्या ती विचारायची, "नाना, आज कितना?" आणि मग त्यांच्यापेक्षा एक अंश जास्त ओढल्याशिवाय पाय सोडायची नाही. कधीकधी त्यांच्या खाटेशी येऊन शिकवायची, आधी श्वास सोडा, मग ओढा, दात खाऊ नका. नाना मुकाट ऐकायचे.

मला नानांची काळजी वाटायला लागली. माझा गुडघा आता शंभरच्या पुढे गेला होता आणि हा शिस्तीचा माणूस एका पोरीच्या मागे रखडत होता. पुन्हा सर्जनला दाखवा, असं मी त्यांना दोनदा सुचवलं. ते माझ्यावरच उखडले. मनातून मला वाटलं, नाना घरी व्यायाम करत नसणार, नुसत्या आकड्यांच्या गप्पा. हे मी एक-दोघांना बोलूनही दाखवलं.

चौथ्या महिन्यात एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवून घ्या, असं सांगायचं ठरवलं होतं. दार कमलकाकूंनी उघडलं. नाना मागच्या ओट्यावर आहेत म्हणाल्या. मी गुडघ्याबद्दल विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

"गुडघ्याले काय व्हयनं? रोज खालीच तर बसतस जेवाले."

मागे गेलो. नाना उन्हात मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. चांगली ऐसपैस मांडी. मला पाहताच त्यांनी घाईघाईने एक पाय लांब केला, दाणे सांडले, मग काही उपयोग नाही हे समजून तो पाय पुन्हा मुडपून घेतला.

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. सत्तरवर अडल्याचे ते दहा दिवस सरत आले तेव्हा नसरीन बाहेर उतारावर बसून वडिलांपाशी रडत होती. साठीला टेकलेला म्हातारा नव्वदवर जातो आणि आपण सत्तरवर, म्हणजे आपला पाय संपला, उद्यापासून यायचं नाही, असं म्हणत होती. अन्वरभाई नुसते हेल्मेट हातात घेऊन उभे होते. नाना दाराच्या आत होते, त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघा अडवला. खरा व्यायाम ते पहाटे घरी करत, आणि हॉलमध्ये येऊन कण्हत.

"पण नाना, तुम्ही?" मी म्हणालो. "आकड्यात?"

नानांनी सांडलेले दाणे वेचायला घेतले.

"जमिनीत एक इंच खोटा लिहिला तर कोणाचं तरी जातं, भाऊ. म्हणून कधी लिहिला नाही. इथे कोणाचं काय गेलं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिले सांगू नका."

मी सांगितलं नाही. केतकी मॅडमना माहीत होतं की नाही, कोण जाणे. पण आमचे सगळ्यांचे आकडे त्या पेनाने लिहीत आणि नानांचे पेन्सिलीने, हे मला नंतर आठवलं.

नसरीन एकशे पस्तीसवर पोचली आणि तिचं रोजचं येणं संपलं. शेवटच्या दिवशी तिने आपला व्यायामाचा रबरी पट्टा नानांच्या हातात ठेवला. "नाना, हिम्मत नका सोडू. तुमचं पण होईल." नानांनी मान खाली घालून तो घेतला. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण आत बघणं शक्य नव्हतं.

पुढच्या वर्षी जळगावला कॉलेजांचे सामने होते. अन्वरभाईंना दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून नाना म्हणाले आपण जाऊ. एसटीने गेलो. मैदानाच्या कडेला सतरंजीवर दाटीवाटीने बसलो. शेजारच्या गृहस्थांनी नानांना विचारलं, यातली तुमची कोणती? नानांनी नसरीनकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, नात का? नानांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांना बसायला नीट जागा करून दिली.

तेवढ्यात नसरीन चढाईला निघाली. पहिली रेषा ओलांडली. कोपऱ्यातल्या पोरीने तिच्या त्याच पायावर झेप घेतली. ती खाली वाकली, पार खाली, पाय सोडवून फिरली आणि मधल्या रेषेकडे धावत सुटली.

नानांनी माझा गुडघा घट्ट धरला होता. ऑपरेशनचाच. चांगला दुखत होता, पण ती रेषेपलीकडे पोचल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.