उदमांजराची फ्रेम

दातांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या अगदी समोर, एक मोठी रिकामी फ्रेम टांगलेली होती. तिच्या खाली पितळी पट्टी, आणि पट्टीवर सुबक अक्षरांत कोरलेलं: उदमांजर. फ्रेम करून घेतली तेव्हाच डॉक्टरांनी उत्साहाच्या भरात पट्टीही चिकटवून घेतली होती. जंगलात जाऊन फोटो तेवढा काढायचा राहिला होता.

"डॉक्टर, आत काही दिसत नाही हो," गाल धरून बसलेला एखादा पेशंट म्हणायचा.

"येणार आहे."

"अक्कलदाढ काढली तेव्हाही येणारच होतं."

डॉक्टरांचा सगळा दिवस "हलू नका" म्हणण्यात जायचा आणि लोक खरंच हलायचे नाहीत. त्यामुळे एकूण जगाबद्दलच त्यांचा थोडा गैरसमज झाला होता. संध्याकाळी जंगलात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जनावर हललं की फोटोत नुसता धुरकट फराटा उरतो. डॉक्टरांकडे असे फराटे ढिगाने होते. कुठला फराटा कोणाचा, हे त्यांनाच ठाऊक.

कॅमेऱ्यात न सापडणारा आणखी एक जीव घरातच होता. त्यांची बायको दवाखान्यात नंबर लावायची, फोन घ्यायची, जिभेची धार अशी की रांगेत घुसणारे आपण होऊन मागे जायचे. पण कॅमेरा दिसला की तिचा हात तोंडापुढे. वरचा एक दात जरा पुढे होता.

"मी नीट करून देतो," डॉक्टर लग्नापासून म्हणत होते.

"तुमचे हात माझ्या तोंडात? मग तुम्हाला बोलणार कोण?"

मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये वधूची आई म्हणून सगळीकडे एक तळहात आहे.

सोमवारपासून जंगल काही महिन्यांसाठी बंद होणार होतं. म्हणजे रविवारची संध्याकाळ शेवटची. नाहीतर पितळी पट्टी आणि पेशंटांची तोंडं, दोन्हींकडे बघत पुढचे कितीतरी महिने काढायचे. आणि नेमक्या त्या सकाळी, नेहमी सोबत येणारा, औषधांचं दुकान असलेला मित्र शिंकायला लागला.

"तू चल," डॉक्टर बायकोला म्हणाले.

"मी काय करू तिथे?"

"काही नाही. दोघांनी बोलत बोलत आडोशात शिरायचं, आणि मग तू बोलत बोलत एकटीने परत जायचं. जनावरांना मोजता येत नाही. त्यांना वाटतं, आले तसे गेले."

"एकटीने बोलत? कोणाशी?"

"घरी बोलतेस तसं. मी कुठे उत्तर देतो?"

अटी कडक होत्या. साबण नाही, पावडर नाही, खायचं काही नाही. ती शेवटच्या अटीला नुसतं "बरं" म्हणाली. इतक्या चटकन ती कधी बरं म्हणत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात यायला हवं होतं.

झाडीत हिरव्या कापडाचा तंबूसारखा आडोसा बांधलेला होता. ठरल्याप्रमाणे दोघं आत शिरली, आणि बाई नणंदेच्या नव्या पडद्यांबद्दल मोठ्याने बोलत परत निघाली. नणंद पायवाटेच्या वळणापलीकडे ऐकू येईनाशी झाली. डॉक्टरांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, श्वास रोखला. थोड्या वेळाने नणंद परत ऐकू यायला लागली.

"गाडीची किल्ली तुमच्या खिशात आहे," बायको आत डोकावून म्हणाली.

"आता इथेच बस. परत गेलीस तर जनावरंही मोजायला शिकतील."

ती बसली. उजेड कमी कमी होत गेला. डॉक्टर समोरच्या झाडाच्या ढोलीवर नजर लावून दगडासारखे बसले.

"अहो."

"हलू नकोस."

"मी नाही हलत. माझी पिशवी हलतेय."

डॉक्टरांनी मान वळवली. बायकोच्या गुडघ्याशी, पिशवीत तोंड खुपसून, शेपटी बाहेर टाकून, अख्खं उदमांजर.

"पिशवीत काय आहे?"

"केळं."

"अगं, मी बजावलं होतं ना?"

"मला काय सांगताय, त्याला सांगा."

पण दूरचं जवळ आणणारी ती लांबलचक लेन्स जवळचं बघायला तयार नव्हती. तिला निदान चार पावलांचं अंतर लागायचं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको ओठ न हलवता पुटपुटली.

डॉक्टर तिकाटणं ओढत, रांगत रांगत, मागचं कापड वर टाकून बाहेर पडले. चार पावलं गेले. कॅमेरा रोखला. धक्का लागू नये म्हणून वायरचं बटण हातात घेतलं आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं. तिथे रानडुकरांनी लोळून लोळून केलेला चिखलाचा खड्डा होता.

डॉक्टर त्यात बसले. बसता बसता अंगठा बटणावर दाबला गेला आणि कॅमेऱ्याचा पडदा उघडला.

"हलू नकोस," कमरेपर्यंत चिखलात बसून ते म्हणाले.

बायको हलली नाही. एका हाताने पिशवी धरलेली, दुसरा जमिनीवर टेकलेला. तोंडापुढे न्यायला हातच शिल्लक नव्हता. ती फक्त हसली.

घरी आल्यावर दोघांनी फोटो मोठा करून पाहिला. हिरवट काळोख. मधोमध ती, पापणीचा केसन् केस स्पष्ट, दाढांपर्यंत हसणारी, आणि तो दात सगळ्यांत पुढे. तिच्या गुडघ्यापासून कडेपर्यंत एक करडा फराटा, त्याच्या टोकाला पिवळा ठिपका. केळं.

"पुसून टाका," ती म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ बघत होते. "उजवीकडची वरची दाढ किडायला लागली आहे."

"इतकं दिसतंय?"

"इतकं स्पष्ट मला आजवर काहीच काढता आलेलं नाही."

ती चहा ठेवायला गेली आणि आधण उकळत टाकून परत आली. "बघू पुन्हा," म्हणाली. मग, "इतका काही पुढे नाही हो तो."

"मी कुठे म्हणतो?"

"नीट करून देतो म्हणून कोण मागे लागलं होतं मग?"

"तू हात खाली घ्यावास म्हणून."

पुढच्या आठवड्यात फ्रेम भरली. पितळी पट्टी मात्र काही केल्या निघेना. डॉक्टरांनी दात खरवडायची हत्यारंसुद्धा वापरून पाहिली.

"डॉक्टर," अक्कलदाढवाला पेशंट फ्रेमसमोर उभा राहून म्हणाला, "यातलं उदमांजर कुठलं?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. टेबलामागून बायकोने मान वर केली. हसली, आणि हात टेबलावरच राहिला.

"जे हललं ते," ती म्हणाली. "चला, तुमचा नंबर आलाय."