लंगडीचं रक्त

मास्तरांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते घरी अमलात आणायला घेतलं. नुसतं शिकवून थांबले असते तर पुष्कळ जीव वाचले असते.

"लस म्हणजे कुबडी," ते कुंपणावरून शेजारच्या शिवणवाल्या वहिनींना सांगत. "मानमोडीची साथ येऊ दे. मरायच्या त्या कोंबड्या मरतील. उरेल तिचीच पैदास करायची. तिच्या पिल्लांना आजार शिवणार नाही."

"आणि एकही नाही उरली तर?"

"एखादी उरतेच. नियमच आहे तो."

साथ आली. कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या, पाय लुळे पडले. पाच दिवसांत मास्तरांनी परसात एकवीस खड्डे खणले. त्यांची बायको, आपल्या काकू, प्रत्येक खड्ड्याशी उभ्या राहून रडल्या. मास्तरही रडले, पण वहीत नोंद करत करत. बावीसपैकी वाचली एक लंगडी. दाण्यांपाशी रोज सगळ्यांत शेवटी पोचणारी ती, आणि तिनेच यमाला हुलकावणी दिली! मास्तरांची छाती फुगली.

वहिनींनी आपला कोंबडा दिला, लंगडीची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. वहिनींचं घर अर्धं शिलाईवर आणि अर्धं अंड्यांवर चाले. आजवर एकही लस न चुकवलेल्या त्या बाईने मास्तरांच्या शब्दावर जुन्या कोंबड्या काढल्या, खुराडं लंगडीच्या वंशाने भरलं आणि लस बंद केली.

दुसऱ्या वर्षी साथ परत आली. आठवड्यात दोन्ही खुराडी ओस पडली. उरली पुन्हा लंगडीच, शांतपणे माती उकरत.

मास्तर चक्रावले. तिला काखेत मारून जनावरांच्या दवाखान्यात गेले, मागोमाग काकू.

"डॉक्टर, हिच्या रक्तात काय आहे ते एकदा तपासा."

"लस आहे," डॉक्टर म्हणाले. "दर तीन महिन्यांनी येते ना ही, काकूंच्या भाजीच्या पिशवीतून."

मास्तर बायकोकडे वळले.

"मी पाय दाखवायला आणत होते हो," काकू गोंधळून म्हणाल्या. "हे डॉक्टर हिच्या डोळ्यात थेंब टाकायचे. मी म्हटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल."

"पायाला इलाज नव्हता," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, आलीच आहे तर लसीचे थेंब तरी घेऊन जाऊ दे."

मास्तर तिथल्या बाकावर बसले. वहिनींना आता कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी ते लंगडीला घेऊन वहिनींच्या दारात गेले. काही न लपवता सगळं सांगितलं. वहिनींच्या पायाखालचं शिलाई मशीन थांबलं.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "ही तुम्ही ठेवा."

"लस दिलीय ना हिला?"

"दिलीय."

वहिनींनी लंगडीला आत घेतलं. दार लोटता लोटता म्हणाल्या, "दर तीन महिन्यांनी हिचा पाय दाखवायला काकूंनाच पाठवत जा. तुम्ही नका येऊ."