गादीवाल्यानं विकत घेतलेली गादी

रिसोडच्या बाजारात अर्धं आयुष्य गाद्या भरण्यात घालवलेल्या सैफुद्दीननं एक दिवस स्वतःसाठी गादी विकत घ्यायचं ठरवलं. तीही फोनवरून, आणि बाजारात कोणाला पत्ता लागू न देता. माणूस फार थकला की त्याला असलं काहीतरी सुचतं.

त्याची कंबर गेली होती. दिवसभर पिंजणाच्या मशीनपुढं वाकायचं, कापसाची गाठोडी उचलायची, आणि घरी येऊन ज्या गादीवर अंग टाकायचं ती त्याच्या स्वतःच्या लग्नात भरलेली. (लग्न कधी झालं हे बायकोला, लतीफाला, नीट आठवायचं. जरा जास्तच नीट आठवायचं.) दरसाल तो तिला सांगायचा, एवढी लग्नसराई संपू दे, मग आपली गादी भरतो. लग्नसराई संपली की पावसाळा यायचा, आणि पावसाळ्यात कापूस सर्द होतो म्हणून गादी पुन्हा पुढच्या सालावर जायची.

"गावाच्या गाद्या भरता," लतीफा म्हणाली, "आन घरातली पापड झाली. फरशीची नक्षी उमटते पाठीवर."

कॉलेजात जाणाऱ्या लायबानं मग बापाला फोनवरची जाहिरात दाखवली. 'महिनाभर झोपून पाहा. आवडली नाही तर पूर्ण पैसे परत. एकही प्रश्न विचारणार नाही.'

सैफुद्दीनचा या ओळीवर चटकन विश्वास बसला, कारण त्याच्याही दुकानावर अब्बांच्या काळापासून पाटी होती: 'कापूस अस्सल. पसंत नाही तर पैसे वापस.' ती पाटी म्हणजे घराण्याची इज्जत. आजवर कोणी पैसे मागायला आलं नव्हतं, आणि माल चोख आहे म्हणूनच येत नाही, अशी त्याची समजूत होती. (भरलेली गादी जीपच्या टपावर बांधून रिठदसारख्या खेड्यातून परत आणण्यापेक्षा माणूस तिची सवय करून घेतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.)

गादी एका उभ्या खोक्यात आली. एवढ्याशा खोक्यात डबल गादी कशी मावली, म्हणून घरातले तिघंही भोवती बसले. सैफुद्दीननं प्लास्टिक कापलं, तशी गादीनं श्वास घेतला आणि ती फुगत फुगत लतीफाला भिंतीपर्यंत ढकलत गेली.

"झोपा आता," लतीफा म्हणाली.

पण सैफुद्दीन झोपेना. आत काय भरलंय हे पाहिल्याशिवाय गादीला पाठ लावायची नाही, हा धंद्याचा नेम. पाहुणा म्हणून गेला तरी तो यजमानाच्या गादीचा कोपरा चिमटीत धरून पाहायचा. त्यानं अगदी मोजके टाके उसवले. आत पिवळा स्पंज निघाला. "कापसाचा एक धागा नाई," असं हळहळून त्यानं दाभण आणलं आणि शिवण होती त्याहून पक्की घालून टाकली. हातचं काम खराब ठेवायची त्याला सवय नव्हती.

चैत्राचं ऊन तापलं होतं. स्पंज अंगाची सगळी ऊब धरून ठेवायचा. पाठ तव्यावर आणि कंबर खड्ड्यात, अशी अवस्था. आठवड्याभरात सैफुद्दीनला सकाळी उठवायला लतीफाचा एक हात आणि लायबाचे दोन लागायला लागले. मग त्यानं कंपनीला फोन लावला.

पलीकडे रीता नावाची मुलगी होती, आवाजात साखर घोळलेली.

"गादी आवडली नाही, याचं कारण सांगाल का सर?"

"प्रश्न नाई विचारणार म्हणलं होतं ना तुमी?"

"हा प्रश्न नाही सर, ही माहिती आहे."

माहिती देऊन झाल्यावर तिनं फोन दुसऱ्या खात्याकडे दिला, आणि त्या खात्यानं गाणं लावलं. गाणं संपलं की 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आणि पुन्हा तेच गाणं. लग्नसराईचे दिवस, काम थांबवून चालणार नव्हतं. तेव्हा रिठदच्या उकंडरावच्या पोरीच्या लग्नातली गादी सैफुद्दीननं कान आणि खांदा यांच्यात फोन धरूनच भरली. हात कापूस कोंबत होते, आणि मन गाण्यात अडकलं होतं. रोज असंच चाललं. रीता रोज नव्यानं त्याचं नाव विचारायची.

शेवटी फर्मान निघालं: गादी मूळ खोक्यात भरून ठेवा, माणूस न्यायला येईल.

एका टोकावर लतीफा बसली, मधे लायबा, आणि सैफुद्दीन दुसरीकडून गुंडाळत निघाला. अर्ध्यावर येऊन गादी उलटली. सैफुद्दीन तिच्याखाली गेला.

"जित्ते हा काय?" लतीफानं विचारलं.

"हाव," आतून आवाज आला. "उठू नोको. दबून राह्यली तं गुंडाळून घेऊ."

गादी काही दबली नाही. दोरीनं बांधून ठेवा, चालेल, असं रीता म्हणाली. सैफुद्दीनला तेवढ्यानंच भरून आलं. एकच इच्छा उरली होती, बाजारात बोभाटा न होता ही बला जावी. गादीवालाच कंपनीच्या गादीवर झोपतो म्हटल्यावर त्याच्याकडे लग्नाची गादी कोण भरून घेणार?

न्यायला आलेल्या माणसाला घर सापडेना. त्यानं भर चौकात, चहाच्या टपरीवर, दहा माणसांपुढं विचारलं, "कंपनीची गादी वापस न्यायची हाय. सैफुद्दीन गादीवाले कुठं राह्यतात?"

टपरीवरचे चौघे त्याला घरापर्यंत सोडायला आले. एवढी सेवा रिसोडात कोणाला मिळत नाही.

त्या माणसानं गादीचे फोटो काढले. एका कोपऱ्याशी थबकला.

"ही शिलाई कंपनीची नाई."

"कंपनीच्या शिलाईपेक्षा पक्की हाय," सैफुद्दीन अभिमानानं म्हणाला. तोंडातून शब्द गेला आणि मग त्याला कळलं.

"म्हणून तं ओळखू आली," तो माणूस म्हणाला आणि रिकाम्या गाडीनं निघून गेला.

"शिलाई उघडली की गॅरंटी संपते सर," रीता फोनवर म्हणाली.

"जाहिरातीत नाई लिहिलं हे."

"आम्ही एकही प्रश्न विचारला नाही ना सर? आणखी काही मदत करू?"

सैफुद्दीननं फोन ठेवला. त्याला राग यायला हवा होता, पण रागावण्याइतकीही ताकद अंगात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी दुकानापुढं जीप थांबली. टपावर गादी, आणि जीपमधून उतरले उकंडराव.

"सैफुभाई, तुमी कंपनीच्या गादीवर झोपता म्हणे. मंग म्या म्हणलं, आपल्या गादीत असंन तरी काय? उसवून पाह्यली."

"उसवली?" सैफुद्दीनच्या जिवात जीव आला. वाक्य जिभेवर तयारच होतं. "शिलाई उघडली की गॅरंटी संपते, उकंडराव."

उकंडरावांनी मान वर करून पाटी वाचली. सावकाश, एकेक अक्षर. मग गादीत हात घातला आणि मुठीएवढी, न पिंजलेली कापसाची गाठ काढून गल्ल्यावर ठेवली. मागोमाग दुसरी.

"पोरगी नव्या घरी जाईन. यावर झोपन काय ते?"

सैफुद्दीननं गाठ हातात घेतली. ती कोणत्या दिवशी भरली गेली हे त्याला ठाऊक होतं, गाणंसुद्धा आठवलं. त्याला खरोखर लाज वाटली. त्यानं गल्ला उघडला आणि पैसे पुढं केले. पाटीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काम केलं होतं.

"दुसरी भरून देतो," तो म्हणाला. "मन लावून. एक पैसा नोको."

"नोको आता," उकंडराव पैसे खिशात ठेवत म्हणाले. "तुमी फक्त त्या कंपनीचं नाव सांगा. नाई आवडली तं पैसे वापस देते म्हणे."

परत आलेली गादी सैफुद्दीननं शिवून घरी नेली. स्पंजाची गादी तोवर लायबानं भिंतीला टेकवून ठेवली होती, दिवाणासारखी. दुपारच्या जेवणानंतर लतीफा नव्या गादीवर आडवी झाली. इतक्या वर्षांनी का होईना, घरात कापसाची नवी गादी आली होती. सैफुद्दीन आशेनं तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"कमरेखाली गाठ लागते," लतीफा म्हणाली.

"पुन्हा पिंजून देतो. एवढी लग्नसराई संपू दे."

"ते तुमची पाटी," लतीफानं विचारलं, "घरच्या माणसायलेही लागू हाय काय?"

"हाय ना. काहून?"

"मले पसंत नाई. वापस घ्या."

"गादी?" सैफुद्दीननं विचारलं.

लतीफानं कूस बदलली. "सध्या तं गादीचंच बोलून राह्यली."