दुधानं कुनाचं वाईट झालंय?

आमच्या तेलगावात कुणाचा पाय मोडो, कुणाचं लग्न मोडो, नाहीतर कुणी सरपंचकीला पडो, त्याचं कारण शेजारच्या तात्यांना आधीच ठाऊक असतं. "लहानपनी दूध कमी पडलं त्याला," असं शांतपणे सांगून ते म्हशीला वैरण टाकायला निघून जातात. मागच्या निवडणुकीत पडलेल्या माणसाला त्यांनी हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर सांगितलं. तो बिचारा तात्या सांत्वनाला आले असं समजून आत चहा सांगत होता.

मी शेजारच्या घरातली सून, म्हणून तात्याही मला सूनबाईच म्हणतात. माझं शिलाई मशीन ओसरीवर असतं. ओसरी आणि तात्यांचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे तात्यांचं आयुष्य मला न मागता बघायला मिळतं. दावणीला एकच म्हैस, नाव सरदारीण. तिची आई, आजी, पणजी तात्यांना तोंडपाठ आहेत. स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं तर मात्र आभाळाकडे बघतात. डेअरीत दुधाला फॅट कमी लागली तर बिघाड मशीनमध्ये असतो, सरदारणीत कधीच नसतो. मला सर्दी झाली की भिंतीवरून दुधाचा तांब्या येतो. सर्दी वाढली की मोठा तांब्या येतो. नको म्हणायची सोय नाही, कारण लगेच प्रश्न येतो, "दुधानं कुनाचं वाईट झालंय?"

तात्यांचा मुलगा महादू आणि सून दिवाळी झाली की ऊस तोडायला कर्नाटकात जातात. त्यांची मुलगी गौरी आजवर त्यांच्याबरोबरच जायची. यंदा ती तिसरीत गेली, शाळा बुडू नये म्हणून तिला पहिल्यांदाच तात्यांजवळ ठेवली. तात्यांची बायको कधीच वारली. म्हणजे घरात आजोबा, नात आणि म्हैस, आणि मत एकट्या तात्यांचं.

एरवी आई असली की घोटभर दुधावर तिची सुटका व्हायची; आता रोज सकाळी पितळी पेला भरून दूध, वर बोटभर साय. गौरीचा पेला रिकामा होईपर्यंत तात्या समोर मांडी घालून बसायचे. पोरगीही गुणाची, डोळे मिटून प्यायची. मग तासाभरात पोट गुडगुडायला लागायचं, कळा यायच्या, आणि ती गुडघे पोटाशी घेऊन तात्यांच्या ओसरीवर पडायची. तात्यांचा जीव कासावीस व्हायचा. ते लगेच औषध द्यायचे. हळदीचं दूध. हळदीनं उतार पडला नाही तर तूप घातलेलं दूध. तरीही पोरगी कण्हायला लागली की मीठमिरच्या घेऊन दृष्ट काढायची आणि वर कपभर दूध, दृष्टीनं आलेला अशक्तपणा जावा म्हणून.

संशय घ्यायला गावात जागा कमी नव्हत्या. मोबाईलचा टॉवर झाला, हापशाचं पाणी झालं. मग शाळेची खिचडी. एके दिवशी तात्या शाळेत गेले आणि पोरांच्या पंगतीत बसून दोन ताटं खिचडी खाल्ली. त्यांना काहीच झालं नाही. "मास्तर, मला बघून आज चांगली शिजवलीव तुमी," असा ठपका ठेवून परत आले.

इकडे पोरीचे गाल बसले. ज्या शाळेसाठी तिला मागे ठेवली, तीच बुडायला लागली. मी एकदा भीत भीत म्हटलं, "तात्या, दुधानंच दुखत असंल का?" तात्या माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या घराण्यावर काही बोलले. नंतर चार दिवस भिंतीवरून तांब्या आला नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

पण एका सकाळी पोरगी कळांनी इतकी रडली की मीच दोघांना रिक्षात घालून माजलगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, काय काय खाते ते विचारलं, आणि म्हणाल्या, "आजोबा, काही मुलांना दूध पचत नाही. काही दिवस दुधाचं सगळं बंद करा, मग बघू."

"म्हशीचं का गाईचं?" तात्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"शेळीचं चालंल?"

"नाही."

"आटवलेलं?"

"आजोबा!"

"बाई, एक इचारू का? तुमाला लहानपनी दूध—"

मी तात्यांचा सदरा ओढून त्यांना बाहेर आणलं.

घरी आल्यावर तात्यांनी बाईंचा शब्द पाळला. दूध बंद केलं आणि खवा सुरू केला. "डॉक्टरीण दूध म्हनली. ह्यो खवा हाय," ते मला भिंतीवरून समजावून सांगत होते. दुपारी पोरगी पुन्हा पोट धरून बसली. आता मात्र माझं डोकं फिरलं. मशीन सोडून मी भिंतीशी गेले आणि म्हटलं, "तात्या, पोरगी मोठी का म्हस मोठी, एकदा ठरवा!"

तात्या खव्याची वाटी हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, आमी नवराबायको ऊस तोडाया जायचो तवा महादू तान्हा व्हता. तिकडं हिची छाती आटली. ऱ्हायाला उसाच्या पाचटाची कोपी, लई थंडी, आन् पोरगं रातभर रडायचं. दूध कुटून आनायचं? बाटलीत कोरा चहा घालून पाजला मी त्याला. पुढं चार पैसे हाती आले तवा पयली म्हस घेतली. आता दारात म्हस असून नातीला दूध द्यायचं न्हाई? मला झोप यील का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पलीकडे पोरगी कण्हत होती, म्हणून ते पुसून मी वाटी काढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं दूध डेअरीला जायला लागलं. तात्यांनी माझ्याकडून हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं शिकून घेतलं. दूध आणि भाकरीपलीकडे चुलीवर कधी काही न केलेला माणूस, पहिल्या दिवशी माडग्यात गुठळ्या जास्त आणि माडगं कमी होतं. गौरीनं ते मिटक्या मारत संपवलं. आठवड्याभरात ती शाळेत जायला लागली, अंगणात लंगडी खेळायला लागली. तात्या मात्र तिच्या पोटाकडे संशयानं बघत बसायचे. पोरगी दुधाशिवाय धडधाकट राहते, हे त्यांना पटतही नव्हतं आणि नाकारताही येत नव्हतं.

आणि हे अजून महादूला सांगितलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. तात्या फोन नेहमी स्पीकरवर टाकतात, त्यामुळे मलाही हातातलं ब्लाउज बाजूला ठेवावं लागलं.

"महादू, एक सांगायचं राह्यलंय," तात्या उभे राहूनच बोलत होते. "पोरीला दूध पाजायचं बंद केलंय म्या. तिला सोसत न्हाई. पोट दुखतंय."

तिकडून महादू म्हणाला, "बरं केलं, तात्या. मला बी सोसत नव्हतं."

"काय सोसत नव्हतं?"

"दूधच की. पेला पिला की कळा यायच्या. मग मळ्यात जाऊन पडायचो."

"आरं, मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमी लई हौसंनं म्हस आनलती माझ्यासाठी. समोर बसून पाजायचा. कसं बोलायचं?"

तात्या ओसरीच्या कडेला बसले. गौरी धावत आली, फोनवर बापाशी बोलायला हात पुढे करून उभी राहिली, पण त्यांनी फोन दिला नाही.

"लई दुखायचं का रे?" त्यांनी विचारलं.

"आता काय त्याचं, तात्या. जेवलाव का तुमी?"

तात्यांनी फोन तोंडाजवळ नेऊन पुन्हा विचारलं, "सांग की. लई दुखायचं का?"